बदलता कायदा आणि लहान मालक

तालुक्याच्या गांवांतील एखादा छापखाना डोळ्यांपुढें आणावा. मालक पन्नाशींतला, धंदा वडिलोपार्जित, माणसें १४. लग्नपत्रिका, शाळांच्या उत्तरपत्रिका, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल आणि निवडणुकीच्या दिवसांत हस्तपत्रकें, हें काम तेथें वर्षानुवर्षें चाललेलें असतें. २०२६ च्या फेब्रुवारींत तेथील मुख्य यंत्रचालक, ज्यांना सारा छापखाना ‘काका’ म्हणे, ते २२ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. मालकानें लहानसा समारंभ केला. शाल, श्रीफळ, पेढे आणि पाकिटांत ५०,००० रुपये. चार शब्द बोलतांना मालकाचा कंठ दाटून आला. आणि त्यांत खोटेपणा कांहीं नव्हता.

आठ दिवसांनीं काका पुन्हा छापखान्यांत आले. बरोबर मुलगी होती आणि तिच्या हातांत वहीचें एक पान.

“भाऊ, पाकीट पावलें. आपण आठवण ठेवलीत. पण ग्रॅच्युइटीचें कसें करायचें?”

“अहो काका, तीच तर दिली ना पाकिटांतून!”

मुलीनें पान पुढें केलें. त्यावर २,२८,४६१ हा आकडा लिहिलेला होता. मालकाला प्रथम राग आला, मग हंसूं आलें, आणि रात्रीं मात्र झोंप आली नाहीं.

छापखाना कल्पनेंतील असला तरी आकडा कल्पनेंतील नाहीं. तो कोठून आला हें पाहूं लागलें म्हणजे कामगारविषयक कायदा कसा बदलतो, आणि तो बदलत असतांना चार माणसांना पगार देणाऱ्या साध्या मालकानें आपला तोल कसा सांभाळावा, या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर हातीं येतें.

ग्रॅच्युइटी म्हणजे बक्षीस नव्हे. १९७२ सालच्या कायद्यानें ती नोकराचा हक्क झाली. १० किंवा अधिक माणसें असलेल्या दुकानांत वा संस्थेंत सलग ५ वर्षें नोकरी झाली, कीं नोकरी सोडतांना दर पूर्ण वर्षामागें १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरावयाचे. शेवटच्या वर्षांत सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल, तर तेंहि वर्ष पुरें मोजावयाचें. नोकरानें अर्ज करो वा न करो, रकमेचा हिशेब करून ती ३० दिवसांत देण्याचें काम मालकाचें आहे. उशीर झाल्यास व्याज. मालकानें खुषीनें दिलेलें पाकीट हें खुषीचेंच राहतें. शालीनें कायदा झांकला जात नाहीं.

आतां काकांचा पगार पाहावा. महिन्याकाठीं हातीं येणारे ३६,००० रुपये. परंतु पगारपत्रकांत मूळ वेतन व महागाई मिळून केवळ १४,०००. घरभाड्याचा भत्ता १४,००० आणि प्रवासभत्ता ८,०००. ही विभागणी मालकानें केलेली नव्हती. हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनीं पूर्वी केव्हां तरी ती करून दिली होती, आणि मूळ वेतन लहान ठेवलें म्हणजे पुढील बोजा लहान राहतो, एवढें कारण सांगितलें होतें. अशी विभागणी देशभर सर्रास होत असे. जुन्या कायद्याप्रमाणें १४,००० वर हिशेब केला तर २२ वर्षांची रक्कम १,७७,६९२ रुपये होते. म्हणजे जुन्याहि हिशेबानें मालकाचें पाकीट फारच हलकें होतें. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं एक गोष्ट घडली. त्या दिवशीं केंद्र सरकारनें चार कामगार-संहिता अमलांत आणल्या आणि ‘वेतन’ या शब्दाचा अर्थ बदलला.

नवी व्याख्या थोडक्यांत अशी. घरभाडें, प्रवासभत्ता, जादा कामाचा मोबदला, कमिशन असे कांहीं ठराविक भाग वेतनांतून वगळतां येतात. परंतु वगळलेल्या भागांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनांत मिळवावयाची. काकांच्या पगारांतून वगळलेले भाग २२,००० होतात. निम्मे १८,०००. वरचे ४,००० वेतनांत परत आले आणि वेतन १४,००० चें १८,००० झालें. १८,००० ला १५ नें गुणावें, २६ नें भागावें, २२ नें गुणावें. मुलीच्या पानावरील आकडा येतो. दोन व्याख्यांमधील अंतर ५०,७६९ रुपयांचें. मालकाचा पगारखर्च एका पैनेंहि वाढला नव्हता, काकांचें काम बदललें नव्हतें. बदलला तो एका शब्दाचा अर्थ, आणि त्याची किंमत मालकानें दिलेल्या पाकिटाहून थोडी अधिकच भरली.

यावरून दिसेल कीं, ‘कायदा बदलला’ म्हणजे नेहमीं नवीन कायदा झाला असें नसतें. पुष्कळदां कायदा तोच राहतो आणि त्यांतील एक आंकडा किंवा एक शब्द हलतो. मालकाला चकवतात ते असेच बदल. कारण नव्या कायद्याचा गाजावाजा होतो, व्याख्येच्या पोटकलमाचा होत नाहीं.

आंकड्याची गोष्ट तर फार जुनी आहे. कारखान्यांविषयींचा या देशांतील पहिला कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्यांचा तो काळ. यांत्रिक शक्तीनें चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसें असलेल्या जागेलाच त्या कायद्यानें ‘कारखाना’ म्हटलें. ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची मनाई आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास, एवढाच त्याचा मुख्य आशय! मोठ्या माणसांच्या तासांविषयीं अक्षर नव्हतें. ज्या मालकाकडे ९९ माणसें होतीं, त्याला कायदा माहीत असण्याचेंहि कारण नव्हतें. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांची संघटना उभी केली; त्यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षीं कायदा सुधारला आणि १०० चा आंकडा ५० वर आला. १९२२ सालीं तो २० झाला. १९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्ति असेल तेथें १० आणि नसेल तेथें २० असा ठरविला. सदुसष्ट वर्षें आंकडा एकसारखा उतरत होता, म्हणजे कायद्याचें जाळें अधिकाधिक लहान मासे पकडीत होतें. आणि आतां २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेनें तोच आंकडा पुन्हा वर नेऊन २० आणि ४० केला आहे. राजस्थानानें तर २०१४ सालींच आपल्यापुरता तो तसा करून घेतला होता. कारण कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचींत आहे, त्यावर केंद्रहि कायदा करूं शकतें आणि राज्यहि.

माणसांना कामावरून कमी करण्यासाठीं सरकारची पूर्वपरवानगी कोणाला लागावी, या बाबतींतहि असेंच वरखालीं झालें आहे. १९७६ सालीं ३०० माणसांच्या कारखान्यांना, १९८२ च्या दुरुस्तीनंतर १०० च्या, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेनें पुन्हा ३०० च्या. कामगारांच्या बाजूनें पाहिलें तर हा बदल दुःखाचा, मालकांच्या बाजूनें पाहिलें तर सुटकेचा. लहान मालकाला दोन्ही भावना परक्या. त्याचा संबंध १० आणि २० शीं.

म्हणून मालकानें पहिली गोष्ट करावी ती ही कीं, आपण कोणत्या पायरीवर उभे आहोंत हें ओळखावें. माणसें १० झालीं कीं ग्रॅच्युइटी, कर्मचारी राज्य विमा आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिति, या तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. २० झालीं कीं भविष्यनिर्वाह निधि आणि बोनस. ५० झालीं कीं पाळणाघर. यांतील खोंच अशी कीं, जिना चढतां येतो, उतरतां येत नाहीं. भविष्यनिर्वाह निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा कायदा एकदां लागू झाला, कीं पुढें माणसें कमी झालीं तरी तो लागू राहतो. एकोणीस माणसांवर दहा वर्षें थांबलेला मालक दिवाळीच्या गर्दींत विसावा माणूस घेतो, आणि संक्रांतीला त्याला निरोप देतांना आपण पूर्ववत् झालों असें समजतो. तसें होत नाहीं. आणि ठेकेदारामार्फत आलेला माणूस निधीच्या मोजणींत आपला नाहीं, ही समजूतहि चुकीची आहे.

कित्येक ठिकाणीं यावर एक तोड काढलेली आढळते. एका छपराखालीं दोन पाट्या, एक नवऱ्याच्या नांवाची, एक बायकोच्या. दोघांकडे नऊ नऊ माणसें. दार एक, वीजमीटर एक, हिशेब लिहिणारा एक. अधिकाऱ्याला हें कळत नाहीं असें मानणें हा भोळेपणा आहे. अशा दोन पाट्या वस्तुतः एकच संस्था आहे, असें ठरविण्याचा अधिकार त्याला असतो, आणि मग थकबाकी पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

दुसरी गोष्ट, बदल कोणकोणत्या दारांनीं येतो तें जाणणें. लोकांना एकच दार माहीत असतें, तें विधिमंडळाचें. पण तें दार उघडलें म्हणजे कायदा घरांत आला असें नव्हे. वेतन संहितेला राष्ट्रपतींची संमति ८ ऑगस्ट २०१९ रोजीं मिळाली, इतर तीन संहितांना २८ सप्टेंबर २०२० रोजीं. अमलांत आल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ ला! मधल्या पांच-सहा वर्षांत वर्तमानपत्रांनीं कितीदां तरी ‘पुढच्या महिन्यापासून पगार कमी हातीं येणार’ अशा बातम्या दिल्या. कांहीं मालकांनीं घाईनें पगारपत्रकें फिरवलीं, कांहींनीं पुन्हा पूर्ववत् केलीं. आणि खरी तारीख आली तेव्हां दोन्ही प्रकारचे मालक कंटाळून झोंपले होते. तशीच गोष्ट मंत्रिमंडळाच्या मान्यतेची. सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें दुकानांतील कामाचे रोजचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली, आणि दुसऱ्याच सकाळीं कोठें कोठें नोकरांना तास भर अधिक थांबण्याचें फर्मान सुटलें असल्यास नवल नाहीं. मंत्रिमंडळाची मान्यता हा कायदा नव्हे. राजपत्रांत छापून येईपर्यंत जुनाच कायदा चालतो. बातमी वाचावी, पण तारखेसाठीं राजपत्र पाहावें. आणि राजपत्रांतहि ‘संमत झाल्याची तारीख’ आणि ‘अमलांत येण्याची तारीख’ या दोन निराळ्या ओळी असतात, त्यांतील दुसरी पाहावी.

दुसरें दार अधिसूचनेचें. या दारानें बदल पावलांचा आवाज न करतां येतो. किमान वेतनावरील विशेष भत्ता महाराष्ट्रांत वर्षांतून दोनदां, जानेवारी व जुलैपासून, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणें बदलत आला आहे. विधिमंडळ बसत नाहीं, चर्चा होत नाहीं, आणि जुलैचा पगार जूनच्या दरानें देणारा मालक आपल्या नकळत कायदा मोडतो. फरक माणशीं शेंदोनशेंचा असेल; पण चौदा माणसें, बारा महिने आणि तीन वर्षें यांनीं गुणून पाहावा! राज्य विम्याच्या बाबतींत १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा १५,००० ची २१,००० झाली, तीहि अशीच सरकारी नियमांतील बदलानें. काल ज्या माणसाचा विमा नव्हता त्याचा आज काढावयाचा होता.

तिसरें दार न्यायालयाचें, आणि मालकांना सर्वांत अनोळखी तेंच. १३ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विशाखा खटल्याच्या निकालांत कामाच्या जागीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. कायदा संसदेनें केला नव्हता. तो व्हावयाला २०१३ साल उजाडलें. परंतु मधलीं सोळा वर्षें ते नियम प्रत्येक मालकावर बंधनकारक होते, आणि ‘असा कायदा कोठें आहे?’ असें विचारणारे मालक त्या सोळा वर्षांत थोडे नव्हते. २८ फेब्रुवारी २०१९ ला त्याच न्यायालयानें निर्णय दिला कीं, सर्व नोकरांना सरसकट दिला जाणारा ‘विशेष भत्ता’ हा भविष्यनिर्वाह निधीच्या दृष्टीनें मूळ वेतनाचाच भाग आहे. कायद्याचा एक शब्द बदलला नाहीं आणि हजारो पगारपत्रकें चुकीचीं ठरलीं. संहितेंतील नवी व्याख्या अचानक आभाळांतून पडली असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हा निकाल पाहावा. वारा कोणीकडून वाहतो आहे तें सहा वर्षें आधींच दिसलें होतें.

येथें मालकाची बाजूहि सांगितली पाहिजे. मोठ्या कारखान्यांत कायदा वाचण्यासाठीं पगारी माणूस असतो. छापखानेवाल्याला सकाळीं शाई, दुपारीं कागदाचा भाव, संध्याकाळीं उधारी. कायद्याची भाषा अशी, कीं एका वाक्यांत चार ‘परंतु’ आणि तीन ‘तथापि’. सरकारनें २९ कायद्यांच्या चार संहिता केल्या हें चांगलें केलें, पण पानें कांहीं त्या प्रमाणांत घटलेलीं नाहींत. तेव्हां ‘मला माहीत नव्हतें’ असें लहान मालक म्हणतो तेव्हां तो बहुधा खरें बोलत असतो. दुर्दैव एवढेंच कीं, तें उत्तर कोणत्याहि न्यायालयांत चालत नाहीं. सल्लागार नेमला तरी जबाबदारी त्याच्यावर जात नाहीं. सल्लागार फॉर्म भरतो, नोटीस मालकाच्या नांवानें येते.

सर्व कायदा पाठ करणें अशक्य आहे, आणि त्याची जरूरीहि नाहीं. जरूर आहे ती दप्तराची. नव्या वेतन संहितेंतील दोन कलमें प्रत्येक मालकानें स्वतः वाचावींत इतकीं महत्त्वाचीं आहेत. एक असें कीं, कमी पगाराचा वा न दिलेल्या पगाराचा दावा आतां तीन वर्षांपर्यंत करतां येतो. जुन्या कायद्यांत ही मुदत कोठें सहा महिने, कोठें वर्ष अशी तोकडी होती; सहा महिने गप्प राहिलें कीं मालक निश्चिंत होत असे. दुसरें असें कीं, पगार किंवा बोनस मिळाला नाहीं अशी तक्रार झाली, तर तो दिला हें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. नोकरानें ‘मिळाला नाहीं’ म्हणावें. ‘दिला’ म्हणणाऱ्यानें कागद दाखवावा.

या एका नियमानें हजेरीपटाला केवढी किंमत येते, तें ध्यानांत घ्यावें. पुष्कळ लहान धंद्यांत मस्टर महिनाअखेरीस एका बैठकींत भरतात. सगळे ‘ह’ एकाच पेनानें, एकाच कलानें. उचल दिलेली असते ती मालकाच्या खिशांतील डायरींत. दिवाळीला रोख बोनस दिलेला असतो, त्याची पावती नसते, कारण ‘घरचीं माणसें, पावती काय घ्यायची?’ आणि कोठें कोठें तर कामावर घेतांनाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची खोड असते. हा कोरा कागद मालकाला वांचवील असें त्याला वाटतें. चौकशींत तोच प्रथम संशय उत्पन्न करतो.

याउलट ज्याचा मस्टर रोजचा रोज भरलेला आहे, वेतनचिठ्ठी दर महिन्याला दिलेली आहे, पगार महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आंत बँकेंतून गेलेला आहे आणि प्रत्येकाचें नेमणूकपत्र फायलींत आहे, त्याला कायदा बदलला तरी फारसें कांहीं उलटें-पालटें करावें लागत नाहीं. आंकडा बदलला तर आंकडा बदलावयाचा. संहितेनें राजीनामा दिलेल्या वा काढलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्यास सांगितलें आहे. ज्याच्याकडे हजेरी व उचल कालपर्यंत मांडलेली आहे, त्याला दोन दिवस पुरतात. ज्याला तीन डायऱ्या जुळवावयाच्या आहेत, त्याला दोन महिने पुरत नाहींत.

निरीक्षकाविषयींचा धाकहि थोडा निराळा झाला आहे. नव्या संहितांनीं त्याला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असें लांबलचक नांव दिलें आहे. नांवाला हंसावें, पण त्यांतील अर्थ उपयोगी आहे. वेतनाच्या बाबतींत खटला भरण्यापूर्वी चूक सुधारण्याची संधि लेखी देण्याचें बंधन त्याच्यावर आहे. मात्र पांच वर्षांच्या आंत तीच चूक पुन्हा झाली तर ती संधि नाहीं. कमी वेतन दिल्याबद्दलचा दंड पहिल्या वेळीं ५०,००० रुपयांपर्यंत, आणि पांच वर्षांत पुन्हा अपराध सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे पहिली नोटीस ही आपत्ति नसून मुदत आहे. ती टेबलाच्या खणांत ढकलून देणारा मालक आपली मुदत स्वतःच्या हातानें फुकट घालवितो.

वर्षाचा क्रम लावून घेतला तर हें काम फार मोठें नाहीं. आपल्याकडे घरोघर पंचांग असतें, एकादशी कोणी विसरत नाहीं. तसेंच मालकानें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत चार खुणा कराव्या. जानेवारी व जुलैच्या आरंभीं विशेष भत्त्याचा नवा दर पाहणें. जून व डिसेंबरच्या पगारांतून कामगार कल्याण निधीची वर्गणी कापून आपला भाग घालून भरणें. एप्रिलच्या आरंभीं, नव्या हिशेबी वर्षाच्या वेळीं, माणसें मोजून आपली पायरी ओळखणें. आणि दिवाळीपूर्वी बोनसचा हिशेब, ज्याचा किमान दर ८.३३ टक्के आहे. याशिवाय तालुक्याच्या व्यापारी मंडळानें वर्षांतून एकदां जिल्ह्याच्या कामगार अधिकाऱ्याला बोलावून दोन तास प्रश्न विचारले, तर पुष्कळांचें काम होईल. मंडळें गणपतीची वर्गणी जमवितात, दरवाढीविरुद्ध निवेदनें देतात. हें एक मात्र क्वचित् करतात. एक भीति असते, कीं अधिकाऱ्याला बोलावलें म्हणजे त्याचें लक्ष आपल्याकडे वेधलें जाईल. शंका विचारणाऱ्याचें नांव लिहून घेणारा अधिकारी विरळा. तरीहि भीति वाटत असल्यास प्रश्न चिठ्ठीवर लिहून मंडळाच्या चिटणिसामार्फत विचारावा.

आणि आणखी एक साधें साधन हाताशीं असतें, तें म्हणजे स्वतःचा नोकर. आज बहुतेक माणसांच्या हातांत फोन आहे, त्यांची मुलें शिकलेलीं आहेत. कायदा बदलल्याची बातमी मालकाच्या आधीं कामगाराच्या घरीं पोंचते. त्यानें विचारलेला प्रश्न उद्धटपणा समजून ज्यानें परतविला, त्यानें फुकट मिळालेला सल्ला परतविला.

छापखान्याकडे परत जावयाचें तर, मालकानें त्या रात्रीं जुनीं मस्टरें काढलीं. तीं होतीं २००८ पासूनचीं. काका लागले २००४ च्या जानेवारींत, वडिलांच्या वेळीं. तेव्हां पगार व्हाउचरवर होई आणि व्हाउचरें पुराच्या वर्षीं भिजून गेलीं. कागद धरला तर नोकरी १८ वर्षांची होत होती. चार वर्षांची रक्कम ४१,५३८ रुपये. मालकाच्या हिशेबनिसानें सुचविलेंहि, “त्यांच्याकडे पुरावा नाहीं, अठराच धरूं.”

दुसऱ्या दिवशीं काकांनीं एक पत्र्याची पेटी आणली. तींत छापखान्यानेंच छापलेल्या दिनदर्शिका होत्या, एकूण एक, २००४ पासूनच्या. प्रत्येक महिन्याखालीं पेन्सिलीनें लिहिलेलें होतें: जादा काम अमुक तास, उचल तमुक, रविवार भरला. कांहीं नोंदींपुढें मालकाच्या वडिलांची सही होती; म्हाताऱ्याला हिशेब तेथल्या तेथें सही करून मिटविण्याची सवय होती.

मालकानें सहीवर बोट ठेवलें आणि थोडा वेळ तें तसेंच ठेवलें. मग हिशेबनिसाला म्हणाला, “बावीस.”

रक्कम तीस दिवसांच्या आंत द्यावयाची होती. अर्धी छापखान्याच्या खात्यांतून गेली, अर्धी पतपेढीच्या कर्जांतून. पाकिटांतले पन्नास हजार वळते करून घ्यावे असें हिशेबनीस म्हणत होता. मालकानें तें ऐकलें नाहीं, तें समारंभाचें होतें म्हणाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत उरलेल्या तेरा माणसांचीं नेमणूकपत्रें त्याच यंत्रावर छापून झालीं. कागद जरा जाडच वापरला. मजकुरांत ‘वेतन’ या शब्दापुढें प्रत्येकाचा आंकडा नव्या व्याख्येप्रमाणें घातला होता, आणि एका पत्रांत नोकरी लागल्याची तारीख चुकली होती, ती काकांच्या मुलीनें वाचून दुरुस्त करून दिली.